पावतीचा धाक

शहरातील कोणत्याही मोठ्या नाक्यावर सकाळी दहाच्या सुमारास अर्धा तास उभे राहिले, तर एक प्रश्न हमखास कानी पडतो. रिक्षा, टॅक्सी किंवा टेम्पो रस्त्याच्या कडेला घेतलेला असतो, चालक खाली उतरलेला असतो आणि वाहतूक शाखेचा शिपाई त्याचे लायसन्स हातात धरून विचारीत असतो, "काय करू, पावती फाडू का?" पावतीपुस्तक जाऊन आता त्या हातात यंत्र आले, त्यामुळे शब्द थोडे बदलले आहेत. हल्ली विचारणा होते ती "ऑनलाइन टाकू का?" अशी. प्रश्नाचा अर्थ मात्र पूर्वीचाच राहिला आहे आणि चालकाचे उत्तरही पूर्वीचेच. तो हात जोडतो, "साहेब, अजून बोहनीसुद्धा झालेली नाही," असे म्हणतो, आणि मग गाडीच्या आडोशाला दोघांत हलक्या आवाजात काहीतरी ठरते. दोन मिनिटांत गाडी मार्गाला लागते. मागच्या आसनावरचा प्रवासी घड्याळ पाहतो आणि एवढेच विचारतो, "कितीला पडले?"

या प्रसंगात नवल वाटावे अशी एक गोष्ट आहे, आणि सवयीमुळे ती कोणाच्या लक्षातही येत नाही. पावती ही वस्तुतः नागरिकाच्या संरक्षणाची चीज. दुकानदाराने पावती दिली नाही तर ग्राहक तक्रार करतो, घरमालकाने भाड्याची पावती नाकारली तर भाडेकरू न्यायालयात जातो. सरकारने घेतलेल्या पैशाची सरकारने दिलेली लेखी कबुली म्हणजे पावती. ती मिळावी यासाठी नागरिकाने आग्रह धरायचा आणि ती टाळण्याचा मोह सरकारी नोकराला व्हायचा, हा व्यवहाराचा स्वाभाविक क्रम आहे. नाक्यावर तो नेमका उलटा झाला आहे. तेथे सरकारी नोकर पावती देण्याची धमकी देतो आणि नागरिक ती मिळू नये म्हणून गयावया करतो. कायदेशीर मार्गाचेच भय वाटावे आणि बेकायदा मार्ग हीच दयेची खूण ठरावी, अशी ही अवस्था का आली, याचा विचार केल्यावाचून वाहतूक पोलिसांच्या 'वर्तणुकी'विषयी कितीही अग्रलेख लिहिले तरी ते व्यर्थ होत.

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर नीतीचे असते. पोलीस लोभी आहेत, चालक बेशिस्त आहेत, एकूण समाजाचीच नीतिमत्ता ढासळली आहे, असे मध्यमवर्गीय दिवाणखान्यात ठरते आणि विषय संपतो. पण तोच चालक रेशन दुकानात, शाळेत, देवळात इतरांइतकाच सरळ वागतो. नाक्यावरही तो नीती सोडून वागत नाही. तो हिशेब करतो. हा हिशेब समजून घेतला पाहिजे.

मुंबईत दुसऱ्याची रिक्षा वा टॅक्सी पाळीने चालविणारे हजारो चालक आहेत. पाळी सुरू होताच त्यांच्या डोक्यावर मालकाचे ठरलेले भाडे चढते आणि इंधनाचा खर्चही त्यांनाच सोसायचा असतो. हे दोन्ही भागल्यावर, बहुधा पाळीच्या उत्तरार्धात, त्यांची स्वतःची कमाई सुरू होते. अशा माणसाला सिग्नल मोडल्याचा किंवा मनाईच्या जागी थांबल्याचा ठपका ठेवून अडविले, तर त्याच्यापुढे कायद्याने दोन मार्ग असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० प्रमाणे गुन्हा मान्य करून जागेवरच तडजोडीचा दंड भरणे हा पहिला मार्ग. ठपका अमान्य करून न्यायदंडाधिकाऱ्यापुढे आपली बाजू मांडणे हा दुसरा. कागदावर दुसरा मार्ग पहिल्याइतकाच खुला आहे. व्यवहारात त्याची किंमत एक संपूर्ण पाळी, बऱ्याचदा दोन किंवा तीन, अशी असते. न्यायालय भरते ते चालकाच्या धंद्याच्या वेळीच. पुकारा केव्हा होईल याची शाश्वती नसते, त्या दिवशी होईल याचीही नसते. आणि समजा निर्दोष ठरलाच, तरी बुडालेल्या पाळ्यांची भरपाई त्याला कोणी देत नाही. म्हणजे पाचशे रुपयांच्या दंडाविरुद्ध दाद मागण्याचा खर्च पाचशे रुपयांहून अधिक! ज्या व्यवस्थेत दोषी ठरणे स्वस्त आणि निर्दोष ठरणे महाग, तेथे चालक दोषी आहे की निर्दोष, हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. नाक्यावरचा शिपाई हे जाणतो आणि चालकही जाणतो. दोघांच्या हलक्या आवाजातील बोलण्याला जो आधार असतो, तो हाच.

चिरीमिरीचा दर म्हणूनच आपोआप ठरतो. तो दंडापेक्षा कमी असावा लागतो, नाहीतर चालक पावती घेईल; आणि शिपायाच्या लेखी यंत्रावर नोंद करण्याच्या श्रमाहून अधिक असावा लागतो. या दोन टोकांमध्ये घासाघीस चालते. दंड वाढला की वरचे टोक वर सरकते आणि दयेचा भावही त्याबरोबर वाढतो.

हे अनुमान २०१९ नंतर लाखो चालकांनी प्रत्यक्ष अनुभवले. त्या वर्षी संसदेने मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती केली आणि १ सप्टेंबरपासून नवे दंड अमलात आणले. ज्या गुन्ह्याला स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नाही त्याचा पहिल्या वेळचा दंड शंभरावरून पाचशेवर गेला. लायसन्सवाचून वाहन चालविण्याचा दंड पाचशेवरून पाच हजारांवर गेला. मद्यपान करून वाहन चालविल्यास दहा हजार. कलम २१० अ ने राज्यांना हे दंड दहापटीपर्यंत वाढविण्याची मुभाही देऊन ठेवली. देशभर ओरड झाली, गुजरातसारख्या राज्याने त्याच महिन्यात अनेक दंड खाली आणले, महाराष्ट्र सरकारनेही केंद्राला फेरविचाराची विनंती केली. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये नवे दर महाराष्ट्रातही लागू झाले. हा कायदा करताना अपघातांचे आकडे पुढे करण्यात आले होते, आणि ते आकडे भीषण आहेत यात शंका नाही. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांत पादचारी आणि दुचाकीस्वार फार मोठ्या संख्येने होते, म्हणजे ज्यांच्या अंगाभोवती पत्र्याचे कवच नव्हते असे लोक. वाहतुकीचे नियम कडक असावेत आणि ते पाळले जावेत, याला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. रस्ता ही सर्वांची मालमत्ता आहे आणि तिच्यावर बलवंताने दुर्बळाला चिरडू नये म्हणूनच नियम असतात.

पण दंडाची रक्कम आणि शिस्त यांचे नाते कायदा करणाऱ्यांनी समजले तितके सरळ नाही. परदेशी बनावटीच्या मोटारीतून जाणाऱ्या उद्योगपतीच्या चिरंजीवाला पाचशे रुपये म्हणजे दुपारच्या कॉफीचा खर्च. पाळीने रिक्षा चालविणाऱ्याला ते घरच्या दोन दिवसांच्या किराण्याचे पैसे. एकच आकडा एकाला चिमटा काढतो आणि दुसऱ्याच्या चुलीवर पाणी ओततो, तरी कायद्याच्या दृष्टीने दोघे समान! फिनलंडसारख्या देशात १९२१ पासून दंडाची आकारणी गुन्हेगाराच्या उत्पन्नाच्या प्रमाणात करण्याची पद्धत आहे आणि भरधाव मोटार हाकणाऱ्या श्रीमंताला तेथे त्याच्या श्रीमंतीच्या मानाने दंड बसतो. आपल्याकडे उत्पन्न लपविण्याची कला इतकी विकसित झाली आहे की, ती पद्धत जशीच्या तशी येथे आणली तर सर्वांत मोठा दंड बहुधा पगारदार शिक्षकालाच बसेल, हे खरे. तरीसुद्धा वाहनाच्या किमतीशी दंडाची सांगड घालणे काही अशक्य नाही. वाहनाची किंमत सरकारदरबारी नोंदलेली असते आणि कर आकारताना ती बरोबर सापडते.

नाक्यावर चालकाच्या पदरी पैशाच्या नुकसानीखेरीज आणखी एक गोष्ट पडते, ती म्हणजे अवमान. "ए, साईडला घे," या हाकेने संभाषण सुरू होते. चालक पन्नाशीचा आणि शिपाई पंचविशीचा असला तरी एकेरी उल्लेख चालकाच्याच वाट्याला येतो, आणि 'साहेब' हे संबोधन शिपायाच्या. चालक परप्रांतातून आलेला आणि मोडके मराठी बोलणारा असेल तर त्याच्या भाषेची टवाळी हा आणखी एक दंड, ज्याची पावती कधीच मिळत नाही. मग एखादा हात आत येतो आणि गाडीची किल्ली काढून घेतो. गणवेशातील पोलिसाने मागितल्यावर लायसन्स दाखविणे हे कलम १३० प्रमाणे चालकाचे कर्तव्य आहे, आणि २०१८ पासून कागदपत्रे मोबाइलमधील डिजिलॉकरमध्ये दाखविली तरी चालतात. लायसन्स जप्त करायचे तर कलम २०६ मध्ये सांगितलेली कारणे असावी लागतात आणि त्याबद्दल तात्पुरती पोच द्यावी लागते. पण कागद पाहण्यासाठी, वा घासाघीस पूर्ण होईपर्यंत ओलीस म्हणून, किल्ली काढून घेण्याचा अधिकार या कायद्यात कोठेही लिहिलेला नाही. तो शिपायाने स्वतःच स्वतःला दिलेला आहे. चालकाने कलमाचा उच्चार केलाच तर "कायदा शिकवतोस काय?" हे उत्तर ठरलेले. ज्या माणसाच्या हाती कायद्याची अंमलबजावणी आहे त्याला कायद्याचे नाव काढणे हाच उद्धटपणा वाटावा, ही वृत्ती एकट्या शिपायाच्या स्वभावातून आलेली नाही. मुंबईचा पोलीस कायदा १९५१ चा म्हणून स्वतंत्र भारताचा मानायचा, पण १८९० आणि १९०२ सालच्या इंग्रजी अमदानीतील दोन कायद्यांची मोट बांधूनच तो तयार झाला होता. प्रजेला धाकात ठेवण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेवर पाटी तेवढी नवी लागली.

या साऱ्यावर तंत्रज्ञान हा उतारा आहे, असे गेल्या काही वर्षांत सांगितले गेले. शिपाई आणि चालक यांची गाठच पडली नाही तर घासाघीस होणार नाही, कॅमेरा लाच घेत नाही, असा युक्तिवाद होता, आणि त्यात तथ्यही होते. २०१६ पासून मुंबईत कॅमेऱ्यांच्या साहाय्याने ई-चलन सुरू झाले, पुढे ते राज्यभर पसरले. कॅमेरा लाच घेत नाही हे खरे ठरले. पण तो ऐकूनही घेत नाही. रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी टॅक्सी पांढऱ्या पट्ट्यापुढे सरकली, पोटात कळा येत असलेल्या बाईला उतरवून घेण्यासाठी रिक्षा इस्पितळाच्या दारात मनाईच्या जागी उभी राहिली, रस्त्याचे काम चालू असल्याने खुद्द पोलिसानेच हाताने खूण करून गाडी उलट बाजूने काढायला लावली: या गोष्टी माणसाला सांगता येतात, छायाचित्रात त्या दिसत नाहीत. नाक्यावरचा शिपाई लोभी असो की दयाळू, त्याच्यासमोर चालकाला तोंड उघडता येत होते. आता त्याला कळते तेच मोबाइलवर संदेश आल्यावर. कधी तो संदेश मालकाच्या मोबाइलवर जातो आणि चालकाच्या हिशेबातून परस्पर रक्कम कापली जाते. गुन्हा कोणता, कोठे आणि कधी घडला, हे आठवण्याच्या पलीकडे गेलेले असते.

लेखी नियमांत काळजी घेतलेली नाही, असे नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ अ हा नियम आला. इलेक्ट्रॉनिक यंत्रांना दरवर्षी मान्यतेचे प्रमाणपत्र असावे, कॅमेऱ्याची पूर्वसूचना देणारे फलक रस्त्यावर असावेत, गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत वाहनधारकाकडे जावी, त्यासोबत छायाचित्र, स्थळ, दिनांक आणि वेळ असावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हा नियम चालकाच्या बाजूचा आहे. पण तो कोणत्या रिक्षा स्टॅण्डवर मराठीत लावलेला आढळतो? दंडाचे दर मात्र चौकाचौकांत मोठ्या अक्षरांत लागलेले असतात. शिवाय चलन थकले की परिवहन कार्यालयात गाडीचे काम अडू शकते. आठ वर्षांपेक्षा जुन्या व्यावसायिक वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्यावाचून धंदा बंद. तेव्हा चालक चलनाविरुद्ध हरकत घेण्याचा विचार करण्याआधीच ते भरून मोकळा होतो. लोक अदालतीत थकीत दंडाची सवलतीत तडजोड होते, रांगा लागतात, वसुलीचे आकडे जाहीर होतात. सवलत मिळते, सुनावणी मिळत नाही. अपराध घडला होता काय, हा प्रश्न तेथेही अनुत्तरितच राहतो.

या असंतोषाचा स्फोट जुलै २०२५ मध्ये झाला. ई-चलनाच्या विरोधात राज्यातील मालवाहतूकदारांनी संप पुकारला. त्यांच्या गाऱ्हाण्यांत एक गाऱ्हाणे असे होते की, शिपाई स्वतःच्या खासगी मोबाइलवर उभ्या गाड्यांची छायाचित्रे घेतात आणि मागाहून सवडीने ती यंत्रात चढवून चलन काढतात. त्याच महिन्यात वाहतूक विभागाच्या वरिष्ठांनी खासगी मोबाइलचा असा वापर करू नये म्हणून परिपत्रक काढले. परिपत्रक काढावे लागले यातच गाऱ्हाण्याचे उत्तर आले. कॅमेरा निःपक्षपाती असतो ही समजूत अशी फसवी आहे. तो कोणाच्या हातात आहे आणि त्या हाताला वरून काय सांगितले आहे, यावर त्याची निःपक्षपातिता ठरते.

मालवाहतूकदारांचा प्रश्न थोडा वेगळा सांगितला पाहिजे. मशीद बंदर, भुलेश्वर, क्रॉफर्ड मार्केट हा सारा भाग मालाच्या चढ-उतारावर जगतो. त्या गल्ल्या हातगाडी आणि बैलगाडीच्या काळातल्या. टेम्पोने माल आणला तर तो उतरवायचा कोठे, याची जागा नगररचनाकारांनी नेमलेलीच नाही. दुकानदाराला माल हवा आहे, महापालिकेला करही हवा आहे, गिऱ्हाइकाला वस्तू स्वस्त हवी आहे. त्यासाठी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी दहा मिनिटे उभा राहणे अटळ आहे, आणि नेमके तेच बेकायदा आहे. येथे चालक नियम मोडतो असे म्हणण्यापेक्षा त्याच्या धंद्याचीच रचना गुन्हा म्हणून झाली आहे, असे म्हणणे सत्याला अधिक धरून होईल. ज्या कामावाचून शहर एक दिवस चालणार नाही ते काम रोज दंडपात्र ठरवायचे आणि मग रोज थोडी दया विकायची, यातून नियमित हप्त्याची पद्धत जन्माला येते. रिक्षांचेही तेच. १९९७ मध्ये बंद झालेले रिक्षांचे परवाने २०१७ मध्ये खुले झाले, रिक्षा वाढल्या. स्टॅण्ड त्या प्रमाणात वाढले काय? स्टॅण्डवर पाच गाड्यांची जागा आणि रांगेत पंधरा गाड्या असतील तर दहा जण प्रत्येक क्षणी गुन्हेगारच असतात.

गमतीची गोष्ट अशी की, रस्ता सदोष बांधणाऱ्यालाही याच कायद्यात शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८ अ सांगते की, रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास जबाबदार अधिकारी वा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कलम २१० ब तर त्याहून पुढे जाते: कायदा राबविणाऱ्यानेच तो मोडला तर त्याला दुप्पट दंड. हेल्मेटवाचून जाणाऱ्या पोलिसाला दुप्पट पावती! ही दोन्ही कलमे पुस्तकात सुखाने नांदत आहेत. नाक्यावरचा चालक रोज दहा कलमांची नावे ऐकतो, पण ही दोन त्याच्या कानावर आलेली नसतात.

आता त्या शिपायाकडेही पाहिले पाहिजे, कारण गणवेशाच्या आत तोही श्रमिकच आहे. उन्हात, धुरात, बारा-बारा तास उभे राहून तो शिट्टी वाजवितो. त्याची सुट्टी सणावारी रद्द होते आणि मंत्र्यांच्या गाड्यांचा ताफा जायचा असला की त्याला पाणी पिण्याचीही फुरसत नसते. चलनांच्या संख्येविषयी वरून विचारणा होते तेव्हा ती संख्या कोणाच्या गाड्या अडवून भरायची हे तोच ठरवितो, आणि मंत्रालयात ओळख असलेल्या मोटारवाल्यापेक्षा रिक्षावाल्याला अडविणे त्याच्या नोकरीला कमी धोक्याचे असते. 'ओळखता काय मला?' हा प्रश्न रिक्षावाला विचारू शकत नाही. दुर्बळाच्या अंगावर दुर्बळ घालण्याची ही रीत आपल्या समाजाला नवी नाही.

या शिपायाने एकदा आपले गाऱ्हाणे रस्त्यावर आणले होते. १८ ऑगस्ट १९८२ रोजी, गिरणी कामगारांच्या संपाला सात महिने पूर्ण झाले त्याच दिवशी, पोलीस कर्मचारी संघटनेच्या पुढाऱ्यांना अटक झाली आणि मुंबईचे पोलीस शिपाई काम टाकून बाहेर पडले. सरकारने लष्कर बोलावले, बंड मोडले, संघटना संपविली. कामाचे तास, घरे, वरिष्ठांच्या घरची कामे ही त्यांची दुखणी तेव्हा होती, आजही बऱ्याच अंशी आहेत. पोलिसांच्या संघटना-स्वातंत्र्यावर बंधने घालणारा १९६६ चा केंद्रीय कायदा कायम आहे. २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, आणि त्याची कल्पना एका शिपायाचीच होती, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्याला स्वतःच्या वरिष्ठापुढे तोंड उघडण्याचा हक्क नाही, तो रस्त्यावरच्या चालकाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेईल ही अपेक्षा फार मोठी आहे. त्याचा लोभ त्यामुळे क्षम्य ठरत नाही, पण त्याला शिव्या घालून तो नाहीसा होत नाही एवढे खरे.

चालकाची तक्रार ऐकणारे कोणी असावे, ही मागणीही जुनी आहे. जनता राजवटीत १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९८१ पर्यंत आठ अहवाल दिले आणि ते धूळ खात पडले. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात राज्यांना जे आदेश दिले, त्यांत पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे स्थापण्याचा आदेश होता. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून राज्य आणि विभागीय प्राधिकरणांची तरतूद केली. पण ही प्राधिकरणे प्रामुख्याने गंभीर गैरवर्तनासाठी आहेत. किल्ली काढून घेतली, शिवी दिली, दोनशे रुपये घेतले, असे गाऱ्हाणे घेऊन चालकाने जायचे कोठे? त्याच पोलीस ठाण्यात, त्याच शिपायाच्या वरिष्ठाकडे, आणि उद्या पुन्हा त्याच नाक्यावरून गाडी काढायची! तक्रार करणाऱ्याला रस्ता बदलता येत नाही, ही वाहतूक पोलिसांच्या सत्तेची खरी खोली आहे.

चालकांना संघटित करण्याचे काम समाजवादी चळवळीने पूर्वी केले आहे. मुंबईच्या टॅक्सीचालकांमध्ये जॉर्ज फर्नांडिस यांनी संघटना बांधली, पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीच्या पाठोपाठ रिक्षा पंचायत उभी केली. त्या संघटनांनी भाडेवाढीसाठी लढे दिले, त्याचबरोबर प्रवाशांशी सचोटीने वागण्याचा आग्रह चालकांकडे धरला. तो आग्रह आज फार सैल पडला आहे. भाडे नाकारणारा, मीटरशी खेळणारा, रात्री एकट्या बाईकडून तिप्पट पैसे मागणारा चालक नाक्यावर अडला तर प्रवाशांना वाईट वाटत नाही, आणि का वाटावे? पोलिसांच्या मनमानीविरुद्ध जनमत चालकाच्या मागे उभे राहत नाही याचे एक कारण चालकांच्याच वागण्यात आहे. संघटनांच्या पुढाऱ्यांनी मोर्च्यात बोलावे तितक्या स्पष्टपणे स्टॅण्डवरही हे बोलले पाहिजे.

कार्यकर्त्यांना करण्याजोगे काम बरेच आहे आणि त्यातले पुष्कळसे मोर्च्याविना होण्यासारखे आहे. नियम १६७ अ आणि कलमे १३०, २००, २०६ व २१० ब यांचा सोप्या मराठीत तक्ता करून तो प्रत्येक स्टॅण्डवर लावणे, सुरुवात येथून करता येईल. त्यात हिंदीचीही एक बाजू असावी. दुसरे काम चिकाटीचे आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ शाखेच्या कार्यालयात बसून चालकांची चलने तपासावीत, छायाचित्र नसलेल्या वा पंधरा दिवसांनंतर आलेल्या चलनांवर लेखी हरकती घालाव्यात आणि त्यांचा पाठपुरावा करावा. ज्येष्ठ वकिलांपैकी एक-दोघे महिन्याकाठी दोन तास देऊ शकतील. नगरसेवकांनी प्रभागातील स्टॅण्डच्या जागा आणि माल उतरविण्याच्या जागा मोजून पालिकेपुढे नकाशासह मागणी ठेवावी. "जागा द्या, मग दंड करा," ही मागणी प्रवासी आणि दुकानदार या दोघांनाही पटेल.

सरकारकडे मागायची गोष्ट मात्र एकच आणि मुख्य: वाहतुकीच्या ठपक्यांची सुनावणी सायंकाळी सात ते दहा या वेळात, चालकाच्या घराजवळच्या न्यायालयात व्हावी, ती एकाच बैठकीत संपावी, आणि ठपका खोटा ठरल्यास बुडालेल्या पाळीची ठरावीक भरपाई शासनाने द्यावी. यासाठी इमारती नव्याने बांधाव्या लागणार नाहीत. न्यायालयांच्या खोल्या सायंकाळी रिकाम्याच असतात. खर्च येईल तो दंडाधिकाऱ्यांच्या आणि कारकुनांच्या जादा पाळीचा, आणि तो दंडाच्या वसुलीतून सहज भागावा. एवढे झाले तर नाक्यावर "पावती फाडू का?" असे विचारणाऱ्या शिपायाला "फाडा, साहेब, संध्याकाळी कोर्टात भेटू," असे उत्तर देणे चालकाला परवडेल.